ब्रेक लाइनचं फ्लेअरिंग टूल : पाइप पकडणारं घ्या

गेल्या वेळी गंजलेली ब्रेक लाइन ओळखायची कशी यावर लिहिलं होतं, त्यानंतर जे प्रश्न आले त्यातले बहुतेक एकाच जागी येऊन थांबतात. लाइन बदलायची तयारी आहे, पाइप आणलाय, पण पाइपच्या टोकाला तो फ्लेअर, म्हणजे नटाखाली दाबून घट्ट बसणारं पसरवलेलं तोंड, काढायचा कशाने? म्हणून यावेळी सगळी जागा त्यालाच देतोय.

प्रश्न : मागच्या चाकाकडे जाणारी ब्रेक लाइन स्वतःच बदलायची ठरवलीये. टूल बघायला गेलो तर साध्या पट्टीवाल्या किटपासून हायड्रॉलिकपर्यंत इतके प्रकार दिसले की डोकं चालेना. एकच गाडी आहे, रोजचं काम नाही. नक्की कुठलं घेऊ?

टूलकडे बघायच्या आधी गाडीकडे बघा. तुमच्या गाडीला कुठला फ्लेअर लागतो आणि पाइप किती जाडीचा आहे, या दोन गोष्टी माहीत नसताना घेतलेलं टूल कितीही चांगलं असलं तरी पडून राहतं. बहुतेक कारमध्ये बारीक पाइप असतो, बाहेरून 4.75 मिमी म्हणजे 3/16 इंच, काही ठिकाणी 6 मिमी किंवा 1/4 इंच. आणि 1/4 इंच म्हणजे 6.35 मिमी, त्यामुळे 6 च्या डायमध्ये, म्हणजे पाइप धरायच्या साच्यात, 1/4 चा पाइप कोंबायचा नाही आणि उलटंही करायचं नाही, हे पहिलंच सांगून ठेवतो.

फ्लेअर दोन प्रकारचे. एक डबल फ्लेअर, 45 अंशाचा, ज्यात पाइपची कड आत दुमडून दुहेरी केलेली असते, तोंड उलट्या छत्रीसारखं उघडं. दुसरा बबल फ्लेअर, ज्यात टोक फुगवून गोल बोंडासारखं केलेलं असतं, मागची बाजू सपाट. डबल फ्लेअर अमेरिकन आणि जपानी गाड्यांमध्ये जास्त, बबल युरोपियन गाड्यांमध्ये, पण एकाच गाडीत दोन्ही सापडतात, त्यामुळे कंपनीच्या नावावरून अंदाज बांधू नका, नट सोडून बघा.

आता टूल. मी टूल निवडताना सगळ्यात आधी एकच गोष्ट बघतो, ते पाइप कसं पकडतं. बाकीचे लोक पाइपचं तोंड पसरवणारा शंकूसारखा कोन बघतात, स्क्रू किती जाड आहे बघतात, पेटी किती छान आहे बघतात, पण फ्लेअर बिघडतो तो दहापैकी नऊ वेळा पाइप डायमध्ये सरकल्यामुळे किंवा तिरका बसल्यामुळे, आणि त्याला जबाबदार डाय असते. पट्टीवाल्या किटमध्ये दोन पट्ट्यांच्या मधे अर्ध्या अर्ध्या भोकात पाइप धरायचा, विंगनट आवळायचे, वरून कमानीसारखं योक लावून स्क्रूने दाबायचं. पट्टीत पाच सहा साइजची भोकं, विंगनट दोन टोकांना, म्हणजे मधल्या भोकावर दाब कमीच पडतो. पाइप सरकू नये म्हणून भोकात बारीक दातरे असतात, ते पाइपच्या गंजरोधक कोटिंगवर ओरखडे काढतात आणि गंज पुढे तिथूनच सुरू होतो. वर स्क्रू फिरताना टोकावरचा कोनही पाइपला थोडा आपल्याबरोबर फिरवायला बघतो, त्यामुळे फ्लेअर एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ.

एका गाडीसाठी आणि पाइप काढून टेबलावर काम करता येत असेल तर व्हाइसमध्ये धरायचं टूल घ्या, ज्याच्या पुढे फिरतं मुंडकं असतं आणि एका हँडलने सगळं होतं. यात प्रत्येक साइजची डाय वेगळी, दोन जाड तुकड्यांची, लांबलचक, पाइपला सगळीकडून सारखी पकड देणारी. मुंडकं फिरवायचं, पहिल्या खुणेवर पाइप किती बाहेर ठेवायचा ते ठरतं, दुसरीवर डबल फ्लेअरचा पहिला स्टेप, म्हणजे टोकाचं बोंड करणं, तिसरीवर दुसरा, ते आत दुमडणं. मापायचं नाही, अंदाज नाही. सरळ हँडल ओढायचं. पहिल्यांदा हात लावणाऱ्याचाही तिसऱ्या चौथ्या प्रयत्नात चांगला फ्लेअर येतो, हे मी शिकाऊ पोरांच्या बाबतीत कितीतरी वेळा बघितलंय. साइक्स पिकाव्हंट, ईस्टवुड यांची या घडणीची टूल्स बरीच वापरात आहेत, पण नावापेक्षा घडण बघा. डायचे दोन तुकडे जोडून उजेडात धरा, मधून फट दिसली तर ठेवून द्या परत.

हायड्रॉलिकमध्ये छोटा हातपंप असतो, तो पंचला, म्हणजे पाइपच्या टोकाला दाबून आकार देणाऱ्या तुकड्याला, न फिरवता सरळ पुढे ढकलतो. पकड तशीच चांगली, वर जोर कमी लागतो आणि कडक स्टीललाही जमतं. मास्टरकूलचं याच जातीचं. रोज दोन तीन गाड्यांचं काम असेल किंवा स्टेनलेस पाइप करायचा असेल तर हेच. एका गाडीसाठी मात्र मी घ्या म्हणणार नाही, सील वगैरे सांभाळावे लागतात आणि नुसतं पडून राहिलं की सील कोरडे पडतात.

एक अजून. टूल घेताना त्यात बबल आणि डबल दोन्हीचे पंच आहेत का विचारा. काही लोक सांगतात, डबल फ्लेअरचा पहिला स्टेप करून थांबलं की झाला बबल. नाही होत. दिसायला बोंडासारखं दिसतं खरं, पण मागची बाजू सपाट येत नाही आणि माप बसत नाही, आयएसओ 4038 या आंतरराष्ट्रीय मानकात बबलचा जो आकार ठरलाय तो वेगळ्या डाय-पंचने येतो. नट आवळला की काही दिवस बसतो आणि मग पाझरतो.

प्रश्न : जुना पाइप सगळा गंजून तुटला, टोकं फेकून दिली. आता कुठला फ्लेअर होता ते कसं कळणार?

ज्या भोकात नट जातो त्या भोकात टॉर्च मारून बघा, मास्टर सिलिंडरचं (ब्रेक पेडलने दाबला जातो तो) घ्या किंवा चाकाच्या सिलिंडरचं. तळाशी मधोमध टेकडीसारखा वर आलेला कोन आणि त्याच्या शेंड्याला भोक दिसलं तर डबल फ्लेअर, कारण उघडं तोंड त्या टेकडीवर बसतं. तळ नरसाळ्यासारखा आत गेलेला असेल तर बबल, बोंड त्यात बसतं. घाण साचलेली असते तिथे, कापूस नको, धागे सुटतात, ब्रेक क्लीनर मारून स्वच्छ करून बघा. नट हातात असेल तर त्यावरूनही कळतं, डबल फ्लेअरच्या नटाचं टोक आतून खोलगट कापलेलं असतं आणि बबलचं टोक सपाट, बऱ्याचदा टोकाजवळ आटे नसलेला थोडा भाग पण असतो.

आणि आटे तपासा. 4.75 च्या पाइपवर एम 10 बाय 1 चा, म्हणजे 10 मिमी व्यासाचा आणि दर 1 मिमीला एक आटा असलेला नट फार सर्रास दिसतो, पण इंचातल्या गाड्यांवर त्याच पाइपला 3/8 इंच 24 आट्यांचा नट असतो, आणि हे दोन्ही एकमेकांच्या भोकात एखादा फेरा जातात. हाताने सहज शेवटपर्यंत गेला तरच तो तुमचा नट. पाना लावून ढकलावा लागला की थांबा, सिलिंडरचे आटे गेले तर मग पाइपचं काम राहिलं बाजूला.

प्रश्न : माझ्याकडे पट्टीवालं किट आहेच. फ्लेअर एका बाजूला कलतो, आणि परवा पहिल्या स्टेपला लावतात त्या अडॅप्टरची बारीक पिनच पाइपमध्ये तुटून अडकली. किट खराब की माझा हात?

दोन्हीतलं थोडं थोडं, पण किटचं जास्त. माझ्याकडेही असंच एक होतं, कामाला सुरुवात केली तेव्हाचं. रात्री उशिरा शेवटचा फ्लेअर करत होतो, पुढच्या चाकाची लाइन, बाकी सगळं जोडून झालेलं, पहिला स्टेप दाबला आणि टक्‌ आवाज आला. योक काढलं तर अडॅप्टरची गोल टोपी हातात आणि पिन आत. पाइपच्या तोंडात बघितलं तर चकचकीत ठिपका दिसत होता फक्त. पक्कडीने नाही, टाचणीने नाही, शेवटी तेवढा पाइप कापला आणि मग पाइप दोन बोटं आखूड पडला, म्हणजे पूर्ण नवीन. त्या रात्रीनंतर ते किट मी ब्रेकला लावलं नाही.

तरी तुम्हाला त्याच किटवर काम काढायचंच असेल तर सांगतो काय करायचं ते. पाइप मिनी कटरने कापा, हॅक्सॉने नको, हॅक्सॉ तिरका कापतो आणि आत चुरा सोडतो. कटरचं चाक दर फेऱ्याला थोडंसंच आवळा, एकदम आवळलं की पाइपचं तोंड आत दबतं, भोक लहान होतं आणि मग पिन जाताना घासते, पिन तुटायचं हे मोठं कारण. कापल्यावर आतली धार रीमरने काढा, बाहेरची कड कानशीने किंचित उतरवा, गोल करा सगळीकडून सारखी. मग पाइप उलटा धरून आतला चुरा फुंकून काढा.

नट आधी घाला. हे मी मोठ्याने लिहितोय समजा. नट आधी, आणि तोंड बरोबर दिशेला. पन्नास फ्लेअर करणारा माणूससुद्धा एखाद्या दिवशी नट टेबलावर विसरतो आणि सुंदर फ्लेअर काढून मग त्याला आठवतं.

पाइप पट्टीत घालायच्या आधी पट्टीची भोकं पुसून कोरडी करा, तेल असेल तर सरकणारच. पाइपचं टोक पट्टीच्या वर किती ठेवायचं, तर अडॅप्टर उलटा करून पाइपच्या शेजारी उभा करा, त्याच्या रुंद भागाची जी जाडी तेवढंच टोक वर. जास्त ठेवलंत तर दुमड वाकडी जाते, कमी ठेवलंत तर फ्लेअर पातळ येतो आणि बसत नाही. पाइपच्या जवळचा विंगनट आधी आवळा, मग लांबचा, आणि हाताने नाही, पान्याने. पट्टी जमलं तर व्हाइसमध्ये धरा. पिनला आणि कोनाला ब्रेक ऑइलचा एक थेंब लावा, साधं इंजिन ऑइल किंवा ग्रीस नको, ते आत राहिलं तर रबरी सील फुगतात. आता स्क्रू हळू, पाव पाव फेरा, मधे मधे किंचित मागे घेत. अडॅप्टर पट्टीला टेकला की थांबा. त्यानंतर ताकद लावली की तुटतं, बऱ्याच पिना अशाच तुटतात, टेकल्यावर अजून थोडं म्हणून. अडॅप्टर काढा, बोंड सरळ आलंय का बघा, मग कोन लावून दुसरा स्टेप.

बोंड वाकडं आलं असेल तर दुसरा स्टेप करूच नका. कोनाने ते सरळ होत नाही. कापा आणि परत.

प्रश्न : माझा मित्र एसीचं काम करतो, त्याच्याकडे चांगल्या कंपनीचं फ्लेअरिंग टूल आहे. चालेल का?

नाही. एसीचं टूल सिंगल फ्लेअर काढतं, मऊ तांब्यासाठी. पाइपची एकच जाडी वाकवलेली असते, ती ब्रेकच्या दाबाला आणि नट परत परत सोडायला टिकत नाही, कडेला चिरते. गच्च ब्रेक दाबल्यावर लाइनमधला दाब 100 बारच्या घरात सहज जातो, म्हणून तर तिथे कड दुहेरी करतात. टूल कितीही भारी असलं तरी काम वेगळं आहे त्याचं. काही किटमध्ये त्याच पट्टीबरोबर डबलचे अडॅप्टर येतात, तसं असेल तर गोष्ट वेगळी, पण मग वर लिहिलेलं सगळं लागू.

प्रश्न : पाइप कुठला घ्यावा, स्टेनलेस म्हणजे कधी गंजणारच नाही ना? की तांब्याचा?

शुद्ध तांब्याचा नको. तो हादऱ्यांनी हळूहळू कडक होतो आणि मग तडकतो, दिसायला चकचकीत असतो म्हणून विश्वास बसतो पण ब्रेकला नाही.

तांबं-निकेलचा पाइप घ्या, ज्यात साधारण 90 टक्के तांबं आणि 10 टक्के निकेल असतं, थोडं लोखंड आणि मँगनीज. हातानेसुद्धा वाकतो, फ्लेअर सुंदर येतो, गंजत नाही, घरी काम करणाऱ्याला मी डोळे झाकून हाच सांगतो. व्होल्वोने तर 1970 च्या दशकातच गाड्यांना हा लावायला सुरुवात केली. मऊ असल्यामुळे टूलवर जोर कमी पडतो, पण याच मऊपणामुळे पट्टीचे दातरे यात खोल रुततात, म्हणून गुळगुळीत डायचं टूल इथे जास्त महत्त्वाचं.

कंपनीतून येणारा पाइप स्टीलचा असतो, पट्टी दोनदा गुंडाळून तांब्याने जोडलेला, वर कोटिंग. त्यालाही डबल फ्लेअर चांगला येतो, फक्त फ्लेअर करायच्या जागेवरचं प्लास्टिकसारखं कोटिंग आधी ब्लेडने खरवडून काढा, नाहीतर पाइप डायमध्ये नीट बसत नाही, सरकतो.

स्टेनलेस गंजाला चांगला, पण फार हट्टी. दाबला की जागीच अजून कडक होतो, दुसऱ्या स्टेपला कड चिरते, शिवण असलेला पाइप असेल तर शिवणीवरच उघडतो. रेसिंगवाले त्याला 37 अंशाचा सिंगल फ्लेअर काढून मागे स्लीव्ह लावून वापरतात, त्याचे नट आणि जोडण्या पूर्ण वेगळ्या. 37 चा फ्लेअर 45 च्या जागी लावायचा नाही, एका बारीक रेषेवर टेकतो आणि गळतो. हायड्रॉलिक टूल आणि बिनशिवणीचा पाइप नसेल तर स्टेनलेसच्या नादाला लागू नका, खरंच सांगतो.

प्रश्न : पूर्ण लाइन काढायची म्हणजे पेट्रोलची टाकी खाली घ्यावी लागेल. गाडीवरच फ्लेअर करता येईल का?

येईल, त्यासाठी हातात धरायचं छोटं टूल मिळतं, डायचे दोन तुकडे एका घरात बसतात, मागून एक स्क्रू पंचला पुढे ढकलतो, पान्याने फिरवायचं. मुठीएवढं असतं, चासीच्या बाजूला पाइपजवळ दोन बोटं जागा असली तरी जातं. बहुतेक वेळा एकाच साइजचं आणि एकाच फ्लेअरचं येतं, म्हणून घेताना 4.75 डबल की 4.75 बबल ते बघून घ्या.

गाडीवर करताना खरी अडचण पाइपच्या सरळपणाची. डायला जेवढी लांबी लागते तेवढा पाइप टोकापाशी एकदम सरळ हवा, शिवाय नट मागे सरकून बसायलाही जागा हवी. वळणाच्या जवळ कापलात तर नट वळणात अडकतो आणि फ्लेअर करताच येत नाही. कापायच्या आधी नट आणि डाय पाइपला बाहेरून लावून मोजा. आणि चांगला, गंज नसलेला भाग लागेपर्यंत मागे जा, सँडपेपर मारून बघा, खड्डे दिसले तर अजून मागे. गंजलेल्या पाइपवर कुठलंही टूल चांगला फ्लेअर काढू शकत नाही.

प्रश्न : मेकॅनिकने मधला तुटका भाग कापून दोन टोकं कॉम्प्रेशन फिटिंगने जोडून दिली, फ्लेअरची भानगडच नाही म्हणाला. ठीक आहे का?

ठीक नाही. गाडी चालवू नका, आजच दुसऱ्याकडे न्या, तीही चालवत नाही, टो करून. कॉम्प्रेशन फिटिंगमध्ये पाइप फक्त एका रिंगच्या दाबावर अडकलेला असतो, ब्रेकच्या दाबाने तो सुटून बाहेर येऊ शकतो. जोडायचंच असेल तर दोन्ही टोकांना फ्लेअर आणि मधे योग्य युनियन, म्हणजे दोन फ्लेअर जोडणारा तुकडा, दुसरा रस्ता नाही. वाईट वाटतं असं काही वाचलं की, कारण चांगला फ्लेअर काढायला दहा मिनिटं लागतात.

प्रश्न : फ्लेअर झाला, पण तो चांगला झालाय हे कसं ओळखायचं? जोडल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

भिंग घ्या, मोबाइलचा कॅमेरा झूम करून पण चालतो. समोरून बघा, भोक बरोबर मधे आहे का, कडेची रुंदी सगळीकडे सारखी आहे का. डबल असेल तर आतली दुमड चपटी बसलेली हवी, सुरकुती नको. मग कडेवर नख फिरवा गोल, कुठे अडकलं तर तिथे चीर आहे. बसायच्या जागेवर खोल ओरखडा दिसला तरी कापा. 4.75 चा बबल असेल तर व्हर्नियरने बोंडाची रुंदी मोजा, 7.1 मिमीच्या आसपास हवी. नवीन टूल आणलं की पहिले पाच सहा फ्लेअर मी फुकट जाऊ देतो, त्यातला एक उभा अर्धा कापून आतून बघतो, दुमड कशी बसते ते तेव्हाच खरं समजतं. पाइपचा एक हात जास्तीचा तुकडा यासाठी आणाच.

जोडताना पाइप आतून ब्रेक क्लीनरने धुवा, हवेने सुकवा. नट हाताने सुरू करा, शेवटपर्यंत हातानेच, मग फ्लेअर नटचा पाना, जो षटकोनाला जवळपास सगळीकडून धरतो, साधा फिक्स पाना मऊ नटाचे कोपरे खातो. एम 10 च्या नटाला साधारण 15 न्यूटन मीटरच्या आसपास ताण पुरतो, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच धरा. पाझरलं तर थोडं सोडून परत आवळा, एक दोनदा, फ्लेअर जागेवर बसतो. तरी पाझरलं तर अजून ताकद लावू नका, फ्लेअर काढून बघा.

मग लाइनमध्ये अडकलेली एअर काढा, नेहमीच्या पद्धतीने, टाकीतलं ब्रेक ऑइल कमी होऊ न देता. इंजिन चालू करून पेडल जोरात दाबून एक मिनिट धरून ठेवा, दुसऱ्याला खाली टॉर्च घेऊन प्रत्येक जोडाकडे बघायला सांगा. पेडल हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळतंय, दिसो न दिसो. सगळं कोरडं असेल तर सगळे नट पुसून ठेवा, मोकळ्या जागी हळू चालवून चार पाच वेळा ब्रेक मारा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू करायच्या आधी परत खाली जाऊन प्रत्येक नटाला पांढरा टिश्यू पेपर गुंडाळून दाबून बघा. कागदावर पिवळट डाग आला तर तो जोड परत उघडायचा.